काय वाचायचं ते आम्हालाच विचारा की

डिसेंबर सरला की बेळगाव भागात साहित्य संमेलनांचा हंगाम लागतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी, तिकडे खानापूर तालुक्यात माचीगड. एकामागून एक रविवार भरलेले. सकाळी ग्रंथदिंडी निघते. टाळ-मृदंग, लेझीम, कलश घेतलेल्या बायका, पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा. वर्गणी गावची, जेवण गावचं, राबणारी पोरंही गावचीच. ही संमेलनं मला मनापासून आवडतात. खेड्यापाड्यांतून एवढी संमेलनं भरवणारा दुसरा तालुका कोणी दाखवला तर मी बघायला जाईन.

पण दुपारच्या सत्रात कोणीतरी पाहुणे उठतातच आणि दोन गोष्टी सांगतात. आजची तरुण पिढी वाचत नाही, ही एक. आणि सीमाभागातल्या तरुणांनी तर वाचलंच पाहिजे, कारण इथे मराठी पुस्तक हातात धरणं हाही लढ्याचाच भाग आहे, ही दुसरी. टाळ्या पडतात. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरी जास्त खटकते.

पहिलीचं आधी उरकते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हिशेब लिहायचं काम करते. गावाहून बसने येणं-जाणं. त्या बसमध्ये निम्म्या पोरी मोबाइलवर वाचत असतात. प्रतिलिपी ॲपवरच्या कथामालिका, भुताखेताच्या, सासरच्या छळाच्या, श्रीमंत घरच्या रागीट मुलाच्या प्रेमाच्या. पुढचा भाग कधी येतोय म्हणून जीव टांगणीला. माझी एक मैत्रीण शिवणकाम करताना कानात घालून पुस्तकं ऐकते. वर्षभरात तिने ऐकलेल्या कादंबऱ्या मी वाचलेल्यांपेक्षा नक्की जास्त आहेत. पोरं वाचतात ती बहुतेक स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पीएसआय, एफडीए (सरकारी कचेरीतला प्रथम दर्जा सहाय्यक), आणि जोडीला श्रीमंत कसं व्हायचं, पहाटे कसं उठायचं असली भाषांतरं. टेलिग्रामवरून फुकट उतरवलेल्या पीडीएफ हा वेगळा विषय. तो चोरीचा माल आहे आणि लेखकाच्या पोटावर पाय आहे, हे मी तिथेच सांगते आणि शिव्या खाते.

यातलं बरंचसं लिखाण सुमार आहे, हे मान्य. प्रतिलिपीवरचा तो रागीट मुलगा मला दोन भागांच्या पुढे सोसवत नाही. पण पुढच्या भागाची वाट बघणारा वाचक हा मराठीला नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या; घरोघरच्या बायका पुढच्या अंकाची वाट बघत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचून मोठी झालेली माणसंच आज व्यासपीठावर बसून आम्हाला नावं ठेवतात. त्यांना त्यांच्या वयात अर्नाळकरांचा झुंझार चालला, तर आमच्या पोरींना आमच्या वयात भूत का चालू नये?

आता दुसरी गोष्ट. पुस्तक आणि लढा यांची गाठ इथे उगाच पडलेली नाही, हे मी जाणते. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. १९५६ मध्ये राज्यं ठरली आणि आम्ही या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, बाजूला राहिलो. त्यानंतर माझ्या आजोबांच्या पिढीने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग बघितले. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. तेव्हा मी रांगत होते. माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, दावा अजून चालू आहे. इतकी वर्षं ज्यांनी एक गोष्ट धरून ठेवली, त्यांना पुस्तकातही तीच दिसणार. त्यांच्या भावनेला मी हसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ती भावना पुस्तकाच्या कपाटात शिरली की कपाट बिघडतं.

कसं बिघडतं ते सांगते. शाळेत वक्तृत्वाला, निबंधाला, रांगोळीलासुद्धा बक्षीस म्हणून पुस्तक मिळतं, आणि ते बहुतेक वेळा ऐतिहासिक असतं. राजे, सरदार, सेनापती. मला मिळालेली सगळी पुस्तकं एका फळीवर ठेवली तर पोवाड्याचा कार्यक्रम सुरू होईल. त्यातली काही मला आवडली. रणजित देसाईंचं कोवाड आमच्यापासून लांब नाही, चंदगड तालुक्यात, पलीकडच्या अंगाला. त्यांची 'स्वामी' मी नववीत वाचली आणि माधवरावांच्या आजारपणाच्या पानांशी रडले. ती मला पेशवाईची गोष्ट वाटलीच नाही, नवराबायकोची वाटली. पण वर्गात तिच्यावर बोलायचं तर पराक्रमावर बोलायचं असा नेम. रमाबाईंबद्दल मी जे लिहिलं होतं ते खोडून आलं.

दुसरा ओघ देणगीचा. महाराष्ट्रातली चांगली माणसं सीमाभागातल्या वाचनालयांसाठी पुस्तकांचे गठ्ठे पाठवतात. त्यांचे आभार. गठ्ठा सोडला की निघतात जुने दिवाळी अंक, कोणाच्या तरी अमृतमहोत्सवाची स्मरणिका, मधुमेहावर घरगुती उपाय, अध्यात्म, परत अध्यात्म, आणि मध्येच पहिला भाग नसलेला दुसरा भाग. घर आवरताना जे निघालं ते आलं. आवडतं पुस्तक कोणी देऊन टाकत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे. पण मग चौदा वर्षांच्या पोराने त्या कपाटापुढे उभं राहून मराठीवर प्रेम करावं, ही अपेक्षा जरा जास्त होते.

या सगळ्यात आमच्याच मातीतलं जे आहे ते आमच्यापर्यंत पोचतच नाही, याचा मला खरा राग आहे. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहिणारे लेखक. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधली माणसं यांच्यावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. बेळगावातून निपाणीला जायला दोन तासही लागत नाहीत, तरी मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकून त्यांचं नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. पुढे एका दिवाळी अंकात कथा वाचली आणि अंगावर काटा आला, कारण त्यातली बाई जशी बोलते तशी माझी आत्या बोलते. बक्षीस म्हणून महादेव मोऱ्यांचं पुस्तक मिळालेला एकही विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. वखारीतली बाई व्यासपीठावरून द्यायला अडचणीची असते बहुतेक.

प्रकाश संतांचं तसंच. ते जन्माने बेळगावचे, आणि त्यांची आई इंदिरा संत याच गावात राहून कविता लिहीत होत्या. 'वनवास'मधला लंपन सीमेवरच्या गावात आजी-आजोबांकडे वाढतो, त्याच्या आजूबाजूला मराठीत मिसळलेली कानडी असते आणि तो सगळ्या गोष्टींचा 'मॅडसारखा' विचार करत बसतो. २०२४ साली त्यावर वेबमालिका आली, इफ्फी चित्रपट महोत्सवात तिला पारितोषिक मिळालं, मग आमच्याकडच्या पोरांना लंपन कळला. कळला हे चांगलंच झालं. पण लंपन कोणत्याही लढ्यात नाही. तो शाळेत जातो, गाणं ऐकतो, सुमीकडे बघतो, घाबरतो. म्हणूनच इतकी वर्षं बक्षिसाच्या गठ्ठ्यात त्याला जागा नव्हती, असा माझा संशय आहे. माझ्या धाकट्या चुलतभावाने मालिका बघून पुस्तक मागितलं आणि तीन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. हा पोरगा वाचत नाही, अशी त्याच्याबद्दल घरातली जुनी तक्रार.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या, गोव्यात हॉटेलात भांडी घासायला गेलेल्या, एजंटला पैसे भरून दुबईला जायला निघालेल्या खानापूरच्या पोराची कादंबरी मला वाचायची आहे. ती लिहिली गेली असेल तर आमच्या कपाटात नाही, आणि लिहिली गेली नसेल तर कोणी लिहावी म्हणून त्याला आधी वाचायला काय दिलंय आपण?

आता जरा नाजूक भागाकडे येते. मी कन्नड वाचते. कामापुरतं तर वाचतेच, ते सगळ्यांनाच वाचावं लागतं. मी गोष्टीची पुस्तकंही वाचते. पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो' मी कन्नडमध्ये वाचली, बोट ठेवून, रोज चार-पाच पानं, अडलं की कारखान्यातल्या धारवाडच्या मॅडमना विचारत. मलनाडचं जंगल, मधमाश्यांच्या मागे हिंडणारा मंदण्णा, उडत्या सरड्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ, आणि या सगळ्यांबरोबर फरफटत जाणारा शेतकरी निवेदक. इतकी मजा मला फार थोड्या मराठी कादंबऱ्यांनी दिली. बसमध्ये गावचे एक काका शेजारी बसले होते. म्हणाले, "कानडी पुस्तक घेऊन काय करूलीस गं?" मी म्हटलं, "गोष्ट हाय काका, उडणाऱ्या सरड्याची." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं."

काकांना काय म्हणायचंय ते मला कळतं. २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीची झाली. २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. पंचायतीचा कागद कन्नडमध्ये येतो आणि आमची आजी तो वाचून घ्यायला नातवाला शोधते. घटनेचं ३५० अ कलम मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांवर सोपवतं. तिची इथे किती काळजी घेतली जाते ते मराठी शाळांची अवस्था बघून ज्याचं त्याने ठरवावं. सक्ती ही सक्तीच, तिला विरोध केला पाहिजे, आणि मीही करते.

पण सरकारच्या परिपत्रकाचं पाप तेजस्वींच्या माथी का? शिवाय गंमत बघा. पुण्यातला मराठी वाचक एस. एल. भैरप्पा आवडीने वाचतो, 'पर्व'वर तासभर बोलतो, आणि त्याला सगळे रसिक म्हणतात. ते भैरप्पा मराठीत आणले कोणी? बेळगावात वाढलेल्या उमा कुलकर्णींनी. त्यांचे पती विरूपाक्ष मूळ कन्नड वाचून ध्वनिमुद्रित करत आणि ते ऐकून त्या मराठीत उतरवत. म्हणजे आमच्याच गावची बाई कानाने कन्नड ऐकते, हाताने मराठी लिहिते, आणि त्यावर अख्खा महाराष्ट्र पोसला जातो. तिकडे धारवाडात द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडमध्ये कविता लिहीत. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. एवढं सगळं आसपास घडलेलं असताना बसमधल्या कन्नड पुस्तकाने मराठी बुडते, हे मला कोणी पटवून द्यावं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. कन्नडला तो २००८ पासून आहे. दोन अभिजात भाषा येणारी पोरगी म्हणून मला खरं तर पेढ्यांचा एक पुडा जास्त मिळायला हवा होता.

सक्तीबद्दल आणखी एक. वाचलंच पाहिजे, नाहीतर तू मराठी कसली, हीसुद्धा सक्तीच आहे, आपल्या माणसांनी प्रेमाने केलेली. दहावीला पहिली भाषा म्हणून मराठी १२५ गुणांची असते. तोवर सगळे वाचतात, पाठ करतात, भाषणं ठोकतात. पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स-कॉमर्स इंग्रजीतून सुरू झालं की त्यातल्या बहुतेकांचं मराठी पुस्तक सुटतं, आणि सुटल्याचं दुःखही होत नाही. कर्तव्य म्हणून जे धरलेलं असतं ते कर्तव्य संपलं की सुटणारच. माझ्या बरोबरीच्या ज्या थोड्या मुलींचं वाचन टिकलं, त्या सगळ्या लपून वाचणाऱ्या होत्या. कोणी भावाची रहस्यकथा पळवायची, कोणी मावशीच्या कपाटातलं मासिक. 'काय वाचतेस' असं दरडावून विचारलं की उशीखाली सारायच्या. अभिमानाने वाचणाऱ्यांपैकी एकीचंही टिकलेलं नाही.

मुलींवरून आठवलं. वाचनावरच्या कुठल्याही भाषणापेक्षा आमच्या वाचनाचं भलं एका बसच्या तिकिटाने केलंय. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत. त्या योजनेवर टीका करणारे बरेच आहेत, बसमध्ये उभं राहायला जागा नसते हेही खरं. पण गावातल्या पोरीला बेळगावच्या वाचनालयात जायचं तर आधी घरात पैसे मागावे लागत आणि पैसे मागितले की कशाला, कोणाबरोबर, कधी येणार हे सगळं आलं. आता ती पुस्तक बदलायला जाते आणि येते. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. एवढ्या जुन्या वाचनालयाचा जिना चढायला आमच्या घरातल्या बाईला सिद्धरामय्यांच्या बसची वाट बघावी लागली. ज्यांना हे ऐकून वाईट वाटेल त्यांनी वाटून घ्यावं.

शहर झालं. गावात काय? कर्नाटकात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६५ चा आहे आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो. आमच्या गावची मराठी माणसंही तो भरतात. ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांना आता 'अरिवु केंद्र' म्हणजे ज्ञानकेंद्र म्हणतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम काढली. सहा ते अठरा वयाच्या मुलांना तिथे फुकट सभासद व्हायचं. योजना चांगली आहे, स्पष्ट सांगते. दुसऱ्या कुठल्या सरकारने काढली असती तर आपण तिचं कौतुक केलं असतं. आमच्या पंचायतीच्या ग्रंथालयात टेबलं आहेत, पंखा आहे, कॉम्प्युटर आहे. दिवसभर परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं बसतात. मराठीचा एक रॅक आहे, खिडकीखाली, पावसात ओल लागते असा. त्यावर थोरांची चरित्रं, दोन शब्दकोश आणि एका बँकेचे वार्षिक अहवाल. सहा ते अठरा वयाच्या पोराने वाचावं असं तिथे काही नाही, तेव्हा पोरं सभासद होतात आणि कॅरम खेळून घरी जातात.

याबद्दल आमच्याकडे दोन प्रकारची माणसं आहेत. एक म्हणतात, सरकारी ग्रंथालय कानडीच असणार, तिकडे बघायचंच नाही. दुसरे म्हणतात, महाराष्ट्राने पुस्तकं पाठवावीत. मला दोन्हीत आळस दिसतो. कर आपण भरलाय. ज्या गावात निम्मी-अधिक घरं मराठी आहेत त्या गावच्या केंद्रात मराठी पुस्तकं मागणं हा हक्क आहे आणि तो ग्रामसभेत मागता येतो. आणि मागताना 'मराठी पुस्तकं द्या' एवढ्यावर थांबलं तर पुन्हा थोरांचा गठ्ठा येईल. कोणती पुस्तकं, ती यादी सातवी ते बारावीच्या पोरांनी करायची. संमेलनाच्या मंडळींनीही हेच करावं: शाल-श्रीफळाच्या खर्चातून थोडे पैसे काढावेत, मांडवाबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर शाळेच्या पोरांना सोडावं आणि म्हणावं, घ्या तुम्हाला पाहिजे ते. बक्षीस म्हणून तेच द्यावं. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढतेय. आमच्या शाळांची पुस्तकं बेंगळुरूहून येतात म्हणून ते आमच्या वर्गात कधी आलं नाही, पण त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट आहेत. अरिवु केंद्रातल्या त्या कॉम्प्युटरवर ते उघडायला कोणाची परवानगी लागणार आहे?

यावर ठरलेला आक्षेप येतो: पोरांना निवडायला सांगितलं तर ती कचरा निवडतील. निवडतील की. माझ्या चुलतभावाची यादी मी बघितली आहे. त्यात तीन भुतं आहेत, एक क्रिकेटपटू, एक कार्टूनचं पुस्तक, एक 'यूट्यूबवरून पैसे कसे मिळवावेत' आणि लंपनचे उरलेले भाग. सातात एक लंपन. व्यासपीठावरून पुस्तकं निवडणाऱ्यांनी इतक्या वर्षांत यापेक्षा बरं प्रमाण जमवलंय असं मला दिसत नाही. आणि भुतं वाचणारा पोरगा नारायण धारपांपर्यंत पोचतो, तिथून आणखी कुठे पोचेल ते त्याचं त्याला ठरवू दे. कन्नड भुतं वाचायची असतील तर तीही वाचू दे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका जुन्या कार्यकर्त्यांनी मला विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी आपापल्या आवडीचं वाचलं, तर सीमाप्रश्नाचं काय?" मी त्यांना म्हटलं, त्याचा निकाल न्यायालयात लागेल, विधानसभेत लागेल, रस्त्यावर लागेल, माझ्या उशाशी असलेल्या पुस्तकावर तो अवलंबून नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी 'कर्वालो'चं मराठी मिळतं का, असं विचारलं.

आमच्या पंचायतीची पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा पाणी, गटार आणि जॉब कार्डचे विषय झाल्यावर आम्ही काही जणी पुस्तकांचा विषय काढणार आहोत. यादी पोरांची आहे, भुतांसकट. पीडीओंनी सांगितलंय की अर्ज कन्नडमध्येच पाहिजे. देऊ. लिहिता येतं आम्हाला.